पंचाचा दंड कोण भरणार?

नोव्हेंबर २०२३ मध्ये आमच्या धाराशिवात शिवराज राक्षेनं महाराष्ट्र केसरीची गदा उचलली. त्याच महिन्यात पुण्याजवळ फुलगावात दुसऱ्या संघटनेनं दुसरी गदा दिली. एका साली दोन केसरी! तेही पचवलं. २ फेब्रुवारी २०२५ ला अहिल्यानगरात पृथ्वीराज मोहोळसमोर पंचानं शिवराजला चितपट दिलं. खांदे टेकले नाहीत, परत बघा, म्हणत तो भांडला. मग पंचाला लाथ मारली. ३ वर्षं बंदी आली. लाथ वाईटच, तिची बाजू मी घेत नाही. पण शंका आली तर जत्रेच्या फडातसुद्धा कुस्ती परत लावतात. इथं तर कॅमेरे होते! शिट्टी चुकली तर पैलवानाचं वर्षाचं दूध-बदाम मातीत जातं. त्याचा दंड कोण भरणार?