जखमेला शिक्षा देणारा समाज

आपल्याच हाताने आपल्या देहाला इजा करणारी मुलगी घरात निघाली की मराठी घर, मग ते साताऱ्यातले असो वा तंजावरच्या राजवाड्यामागच्या गल्लीतले, पहिला प्रश्न विचारते: "कोणाला कळलं तर नाही ना?" दुसरा प्रश्न: "ही नाटकं कशासाठी?" तिसऱ्याची पाळी येईपर्यंत स्थळे पाहणे सुरू झालेले असते. तुला काय होतंय, हे तिला कोणी विचारतच नाही.

हे तंजावरात घडावे याची लाज अधिक वाटते. याच गावी दुसऱ्या सरफोजीराजांनी धन्वंतरी महाल उभारला, डोळ्यांच्या रुग्णांची टिपणे आणि चित्रे करून घेतली; ती सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत. मराठा राजांच्या छत्रांत, म्हणजे धर्मशाळांत, वाटसरू आजारी पडला तर त्याला औषधपाणी मिळे. परक्याच्या दुखण्याची अशी विचारपूस करणाऱ्यांचे आम्ही वारस म्हणवतो, आणि पोटच्या लेकीचे दुखणे ऐकून घ्यायला आम्हांला वेळ नाही!

या दुखण्यामागे व्यक्तिमत्त्व विकार असू शकतो. त्यातल्या एका प्रकारात भावना क्षणात पेटतात आणि लवकर विझत नाहीत. आपले माणूस सोडून जाईल ही धास्ती जिवाला खाते. आत पोकळी दाटते. असह्य झालेली वेदना क्षणभर तरी थांबावी म्हणून माणूस स्वतःला इजा करते. प्रत्येक वेळी मरण्याचा हेतू असतोच असे नाही, पण धोका खरा असतो. याला नाटक म्हणणारा माणूस तिला सांगत असतो की, एवढ्याने माझा विश्वास बसत नाही. याहून क्रूर उत्तर कोणते?

कायदाही फार काळ असाच बोलत होता. 1860च्या दंडसंहितेने आत्महत्येच्या प्रयत्नाला एक वर्षापर्यंतची कैद ठेवली. 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशा व्यक्तीवर तीव्र ताण आहे असे गृहीत धरायला सांगितले आणि तिची काळजी घेणे सरकारचे कर्तव्य ठरवले. रुग्णाला साखळीने बांधणेही त्याने निषिद्ध केले. ती साखळी कुठली, हे तामिळनाडूला सांगायला नको. 6 ऑगस्ट 2001 रोजी रामनाथपुरम जिल्ह्यातल्या एर्वाडीत मनोरुग्णांच्या एका आश्रयस्थानाला आग लागली, तेव्हा साखळ्यांत अडकलेले 28 जण गेले. त्यांना तिथे सोडणारी त्यांचीच घरे होती.

आणि या विकारावर उपाय नाही असेही नाही. त्यावर खास अशी गोळी नाही. मुख्य उपचार बोलण्याचा आहे. अमेरिकेतल्या मार्शा लिनेहान यांनी घडवलेल्या उपचारपद्धतीने स्वतःला इजा करण्याचे प्रमाण घटते, हे 1991 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. साधारण वर्षभर, दर आठवड्याला समुपदेशकाशी भेट. सोबत गटात बसून भावनेची लाट आली असता काय करायचे याचे शिक्षण. अडचणीच्या क्षणी फोनवर आधार. तुझे दुःख खरे आहे आणि तुला बदलताही येईल, ही दोन्ही वाक्ये तिथे एकत्र म्हटली जातात. आमच्या घरांत पहिले वाक्य कोणी उच्चारत नाही, म्हणून दुसरे कानांवर आदळते. तरुणपणी लिनेहान स्वतः याच यातनेतून गेल्या होत्या; हे त्यांनी 2011 साली जाहीरपणे सांगितले.

वर्षभर कोण येणार, असे लोक म्हणतात. पण तंजावरपासून फार दूर नसलेल्या गुणशीलमच्या देवळात मनोरुग्णाला घेऊन नातलग 48 दिवस राहतात. त्यांच्या श्रद्धेला मी दोष देत नाही. वेळ काढता येतो, एवढेच त्यातून दिसते. माणसे नाहीत ही सबबही पुरती खरी नाही. तज्ज्ञ फार थोडे आहेत खरे. पण गोव्यात 'संगत' संस्थेने डॉक्टर नसलेल्या माणसांना शिकवून नैराश्याच्या रुग्णांशी बोलण्याचे काम दिले आणि त्याचा गुण आला. व्यक्तिमत्त्व विकाराला अधिक तयारी लागते. म्हणून तर सरकारी रुग्णालयांत असे शिक्षण घेतलेले समुपदेशक मागायला हवेत. रस्ता मागतो, पाणी मागतो, हे कधी मागितले?

ज्या घरात असे कोणी आहे त्यांनी आज तिच्याजवळ बसावे, ओरडू नये, जखमेवर उपचार करून घ्यावेत. 'टेली मानस'चा 14416 हा सरकारी क्रमांक रात्रंदिवस, फुकट चालतो आणि मराठी-तमिळ दोन्ही बोलतो. तो लावा. आणि स्थळे पाहणे आजच थांबवा.