मैल्याच्या टांकीचाहि हिशेब ठेवावा

गेल्या कांहीं वर्षांत खेडोपाडीं घरोघर संडास झाले, ही आनंदाची गोष्ट होय. २ ऑक्टोबर २०१४ रोजीं सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानानें ह्या कामास मोठी गति दिली. परंतु भिंती उभ्या राहिल्या व दारास कडी लागली कीं काम संपलें, अशी जी समजूत आमच्या शेतकरी बंधूंत रूढ होत आहे, ती आम्हांस घातक वाटते. ज्या गृहस्थास सातबाऱ्यावरील गुंठ्यागुंठ्याचा हिशेब तोंडपाठ असतो, त्यासच अंगणांतील टांकी शेवटीं कधीं उपसली हें सांगतां येत नाहीं!

सेप्टिक टांकी म्हणजे मैला गडप करणारें विवर नव्हे. जड भाग तळाशीं बसतो, तेलकट भाग सायीसारखा वर तरंगतो व मधलें पाणी शोषखड्ड्यांत जातें. तळच्या गाळाचा कांहीं अंश हवेवांचून जगणारे जंतु पचवितात. उरलेला सांचतच राहतो. दोनतीन वर्षांनीं तो उपसला नाहीं, तर तोच पाण्याबरोबर बाहेर पडून शोषखड्डा बुजवितो. मग कित्येकजण टांकीची नळी सरळ गटारांत सोडतात. म्हणजे आपल्या घरची घाण शेजाऱ्याच्या दारीं नेऊन ठेवण्यासारखेंच नव्हे काय?

पथ्यें थोडींच आहेत. चिंध्या, प्लॅस्टिक व तळणाचें तेल संडासांत टाकूं नये. फिनेल व आम्ल यांचा मारा करूं नये. त्यानें उपयोगी जंतु मरतात. पागोळीचें पाणी टांकींत सोडूं नये व तिजवरून ट्रॅक्टर अगर गाडी नेऊं नये. शोषखड्डा विहिरीपासून निदान ६० फूट दूर असावा. बाजारांतील पुड्या टाकून उपसा टळेल, ह्या भरंवशावर कोणीं राहूं नये.

याहून गंभीर गोष्ट अशी कीं, खर्च वांचविण्यासाठीं एखाद्या गरिबास दोरीनें टांकींत उतरविलें जातें. आंतील विषारी वायूनें माणूस क्षणांत बेशुद्ध पडतो, व त्यास काढावयास गेलेला दुसराहि प्राणास मुकतो. संरक्षक साधनांवांचून असें काम करवून घेण्यास २०१३ च्या कायद्यानें मनाई आहे. परंतु कायदा नसता तरी हें पापच होतें. कोणी म्हणेल, यंत्राच्या गाडीचें भाडें परवडत नाहीं. आमचें उत्तर असें कीं, आळींतील चार घरांनीं मिळून एकाच दिवशीं गाडी बोलवावी, व ती गाळ कोठें ओतते हेंहि विचारावें.

ज्यांस नवा संडास बांधावयाचा आहे, त्यांनीं जमिनींतील पाणी फार वर नसेल तेथें दोन शोषखड्ड्यांचाच बांधावा, असें आमचें स्पष्ट मत आहे. एक खड्डा भरला कीं तो बंद करून दुसरा चालू करावा. बंद खड्ड्यांत दोन वर्षांत निर्गंध खत बनतें. सोनखताचें मोल शेतकऱ्यास आम्हीं काय सांगावें? कणकवलीच्या गोपुरी आश्रमांतून अप्पासाहेब पटवर्धनांनीं सफाईचें जें व्रत चालविलें, त्याचेंहि मर्म हेंच होतें.

तूर्त प्रत्येकानें एवढें तरी करावें: संडासाच्या दारामागें उपशाची तारीख व पुढील मुदत रंगानें लिहून ठेवावी. सारा भरण्याची मुदत जो चुकवीत नाहीं, त्यास ही मुदत पाळणें जड जाऊं नये.