शिक्र्याचे पिल्लू जाणार कुठे?

दिल्लीतील लोधी उद्यानात उन्हाळ्याच्या सकाळी फिरावयास येणाऱ्यांत माजी सचिव, राजदूत आणि न्यायमूर्ती यांची उणीव नसते. त्यांच्या डोक्यावर, एखाद्या जुन्या कडुनिंबाच्या उंच दुबेळक्यात शिक्र्याचे घरटे असू शकते, याकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष जाते. कबुतराएवढ्या या शिकारी पक्ष्याची मादी तीन-चार अंडी घालते. ती उबविण्यास सुमारे तीन आठवडे लागतात. नर सरडे, खारी, लहान पक्षी पकडून आणतो आणि मादी त्यांचे तुकडे करून पिल्लांना भरविते.

पाहण्यासारखा भाग त्यानंतर सुरू होतो. छातीवर तपकिरी ठिपके असलेली पिल्ले उडू लागली, की चिरक्या आवाजात ओरडत झाडाझाडांतून आईबापांच्या मागे लागतात. काही आठवड्यांनी भूमिका पालटतात. पालक भक्ष्य देईनासे होतात आणि आता तेच पिल्लांना आपल्या हद्दीतून पिटाळू लागतात. निवृत्तीनंतर अनेक उन्हाळे मी हे पाहत आलो आहे आणि दरवेळी, सेवेतल्या सवयीने म्हणा, एकच प्रश्न पडतो: हे पिल्लू आता जाणार कुठे?

कागदोपत्री उत्तर सोपे आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारी पक्ष्यांना संरक्षण दिलेले आहे. पण पिल्लू उद्यानाच्या कुंपणाबाहेर पडले की त्याचा प्रवास खात्याखात्यांतून होतो. लोधी उद्यान नवी दिल्ली नगरपालिका परिषदेचे, आतील मकबरे पुरातत्त्व खात्याचे, पलीकडची सुंदर नर्सरी केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाची, तर अरवलीचा ‘रिज’ वन खात्याचा. यांच्यामधल्या सरकारी वसाहती, बंगल्यांची आवारे आणि रस्त्याकडेची झाडे हीच पिल्लाची खरी वाट. तिला सलग जागा म्हणून पाहणारा अधिकारी कोणत्याही आकृतिबंधात नाही.

ही वाट किती नाजूक आहे, हे २०१८ मध्ये दिसले. सरोजिनी नगर, नौरोजी नगर आदी सात वसाहतींच्या पुनर्विकासासाठी १६ हजारांहून अधिक झाडे तोडण्याचा बेत होता. नागरिक रस्त्यावर उतरले, उच्च न्यायालयाने तोड थांबविली. त्या वेळी सरकारी बाजूचा युक्तिवाद ओळखीचाच होता: एका झाडामागे दहा रोपे लावू. हिशेबाच्या वहीत हा नफा दिसतो. शिक्र्याला मात्र दहा रोपांपैकी एकावरही घरटे बांधता येत नाही, निदान पुढची काही दशके तरी नाही.

इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने मला येथे आकड्यांपेक्षा वर्षे महत्त्वाची वाटतात. खैरपूर गाव उठवून १९३६ मध्ये ‘लेडी विलिंग्डन पार्क’ उभारले गेले, तेच आजचे लोधी उद्यान. (ज्यांचे गाव गेले त्यांचे पुढे काय झाले, हा वेगळा लेख.) त्या काळी रुजलेली झाडे आज घरट्याजोगी आहेत, ती दोन-तीन पिढ्यांच्या पाण्यावर. बाजदारीच्या परंपरेत मादीला ‘शिक्रा’ आणि आकाराने लहान असलेल्या नराला ‘चिपक’ अशी वेगळी नावे होती. निरीक्षण इतके बारीक असे. आपले वृक्षखाते अद्याप झाड आणि रोप यांत फरक करायला कचरते.

झाडे उचलून दुसरीकडे लावण्याचा उपायही तपासून पाहावा. दिल्लीने २०२० मध्ये वृक्ष-प्रत्यारोपणाचे धोरण आणले. त्यात ८० टक्के झाडे जगावीत, अशी अट आहे. २०२२ मध्ये उच्च न्यायालयापुढे आलेल्या सरकारी माहितीनुसार प्रत्यारोपित झाडांपैकी जेमतेम एक तृतीयांश तगली होती. महाराष्ट्राने २०२१ च्या दुरुस्तीत ५० वर्षांवरील झाडांना ‘वारसा वृक्ष’ मानले, हे पाऊल निःसंशय पुढचे. तरीही तोडलेल्या झाडाचे जितके वय, तितकी रोपे लावा, असे म्हणून वयाचे रूपांतर पुन्हा संख्येतच झाले.

मोठे धोरण होईल तेव्हा होवो. एक गोष्ट याच वर्षी करता येईल. पावसाळ्यापूर्वीची फांद्यांची छाटणी नेमकी विणीच्या महिन्यांत येते, कारण निविदा आणि निधी यांचे वेळापत्रक तसे आहे. धोकादायक फांद्या वगळता उरलेली छाटणी हिवाळ्यात करावी आणि कामाच्या आदेशात ‘झाडावर घरटे आहे काय?’ असा एक रकाना ठेवावा. तो भरण्यासाठी कनिष्ठ अभियंत्याला दहा मिनिटे मान वर करून उभे राहावे लागेल. त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही, वित्त विभागाच्या संमतीचीही नाही.