‘जुनी झाली, थरथरणारच’ हे निदान नव्हे

गाडी सिग्नलला उभी असते. एसी लावला की स्टिअरिंग, सीट, आरसा, डॅशबोर्डवरचा गणपती, सगळंच थरथरायला लागतं. शेजारी बसलेला मित्र म्हणतो, “जुनी झाली रे. काढून टाक आता.” आपणही मान डोलावतो आणि गाण्याचा आवाज वाढवतो.

या मान डोलावण्याशी माझं भांडण आहे. कारण त्याच्या जोरावर आपल्याकडे चांगल्या गाड्या मातीमोल भावात विकल्या जातात आणि ज्यांची ऐपत नाही ते सात वर्षांचे हप्ते गळ्यात बांधून घेतात.

आमच्या घरी हेच होणार होतं. वडिलांची २००९ सालची, तीन सिलिंडरची, पेट्रोलवर चालणारी छोटी गाडी. २०२४ मध्ये पंधरा वर्षं पूर्ण झाली, तेव्हा त्यांनी पर्यावरण कर भरून, पासिंग करून नोंदणी पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवून घेतली होती. काही महिन्यांत गाडी जागेवर थरथरायला लागली. पहिला गिअर टाकून क्लच सोडला की पुढून ‘धाड’ असा आवाज. वडिलांनी साताऱ्याहून वाईला आत्याकडे जाणं बंद केलं. मी विचारलं तर म्हणाले, “गाडी थकली, मीही थकलो.”

एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. टॅबलेट घेतलेल्या मुलाने गाडीला एक फेरी मारली, सुरू करून पाहिली आणि सांगितलं, “इंजिन वीक झालंय, काका.” अडतीस हजारांचा अंदाज दिला. लगेच पलीकडच्या टेबलावर नेऊन एक्स्चेंजचा भाव सांगितला, पंचेचाळीस हजार. एवढ्या सगळ्यात बॉनेट एकदाही उघडलं गेलं नव्हतं. वडील सही करायला निघाले होते. मी त्यांना चहाच्या निमित्ताने बाहेर काढलं.

नाक्यावरच्या गॅरेजमधल्या मिस्त्रींनी बॉनेट उघडून पाच मिनिटांत सांगितलं, “फाउंडेशन गेलंय.”

इंजिन माउंटिंगला आपल्याकडचे मिस्त्री फाउंडेशन म्हणतात. इंजिन आणि गिअरबॉक्स गाडीच्या सांगाड्याला थेट बोल्टने आवळलेले नसतात. मध्ये धातूच्या कवचातलं जाड रबर असतं. छोट्या गाडीत अशी तीन-चार माउंटिंग असतात. तीन सिलिंडरचं इंजिन ८०० आरपीएमवर नुसतं गुरगुरत असतं, तेव्हाही आत सेकंदाला २० स्फोट होतात. ते धक्के रबर गिळतं, म्हणून ते आपल्यापर्यंत पोचत नाहीत. पण उष्णतेने, वयाने आणि खड्ड्यांनी रबर चिरतं. वरून तेल गळत असेल तर फुगून मऊ पडतं. मग इंजिन ठीक असतं, पण त्याचा प्रत्येक ठोका थेट तुमच्या पाठीत येतो.

आता निदान. यासाठी इंजिनिअर असण्याची गरज नाही, थोडं निरखून पाहावं लागतं. थरथर कधी येते, हा पहिला प्रश्न. गाडी ८०-९० च्या वेगात गेल्यावरच येत असेल तर आधी चाकांचं बॅलन्सिंग आणि टायर बघा. फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल तर डिस्क बघा. गाडी उभी असताना येते, एसी लावल्यावर वाढते आणि जरा रेस दिली की कमी होते, शिवाय इंजिन सुरू-बंद करताना धक्का बसतो, तर माउंटिंगवर संशय घ्या. त्यातही इंजिन अडखळत, तुटक ठोके देत चालत असेल तर प्लग, कॉइल आणि थ्रॉटल बॉडी आधी तपासायची. नाहीतर माउंटिंग बदलूनही थरथर राहते आणि शिव्या मिस्त्रीला बसतात.

दुसरी पायरी, डोळ्यांनी बघणं. रबराला चिरा आहेत का? रबर धातूपासून सुटलंय का? काही माउंटिंगमध्ये द्रव भरलेला असतो. तिथे ओला काळा डाग दिसला की ते फुटलं समजा. तिसरी पायरी, हँडब्रेक ओढून आणि ब्रेकवर पाय ठेवून पहिल्या गिअरमध्ये क्लच अगदी किंचित सोडायचा, मग तेच रिव्हर्समध्ये. बघणाऱ्याने बाजूला उभं राहायचं, गाडीच्या पुढे-मागे कुणीही नको. इंजिन थोडं झुकणारच. पण ते उसळून धाडकन बसलं, तर उत्तर मिळालं.

आमच्या गाडीचं उजवीकडचं माउंटिंग मधोमध फाटलं होतं. टॅपेट कव्हरमधून झिरपणारं तेल नेमकं त्याच्यावर पडत होतं. त्याचा भार इतरांवर येऊन दुसरंही चिरलं होतं. मिस्त्रींनी आधी कव्हरचं गॅस्केट बदललं. तेल तसंच गळत ठेवून नवं रबर बसवणं म्हणजे गळक्या छपराखाली नवी गादी टाकणं.

बदलण्याचं कामही मी बघितलं. इंजिनचं वजन जॅकवर घेताना त्यांनी मध्ये लाकडी फळी ठेवली, नाहीतर खालचं ऑइल चेंबर चेपतं. एका वेळी एकच माउंटिंग काढलं. नव्याचे बोल्ट आधी हातानेच लावले, इंजिन खाली घेऊन बसू दिलं आणि मगच टॉर्क पान्याने आवळले. घाईत आधीच आवळलं तर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं आणि लवकर फाटतं. स्वस्तातला डुप्लिकेट पार्ट त्यांनी स्वतःच नाकारला, कारण त्याचं रबर कडक असतं आणि नवं माउंटिंग लावूनही थरथर तशीच राहते. तीन माउंटिंग, गॅस्केट आणि मजुरी मिळून बिल झालं पाच हजार दोनशे.

अडतीस हजार कुठे आणि पाच हजार दोनशे कुठे?

आता कुणी म्हणेल, जुन्या गाड्यांची एवढी तरफदारी कशाला? त्या जास्त धूर सोडतात, त्यांत सुरक्षेची साधनं कमी असतात. हा मुद्दा खरा आहे, मी तो उडवून लावत नाही. बीएस-६ चा नियम १ एप्रिल २०२० पासून आला आणि नव्या गाड्यांत चालकासाठी एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. आमच्या गाडीत यातलं काही नाही. सांगाडा गंजून सडला असेल, पीयूसीत गाडी नापास होत असेल, तर ती खुशाल भंगारात द्या. अपघाताची भीती वाटते म्हणून एअरबॅगवाली गाडी घेतलीत, तर ते शहाणपणाचं. पण मग कारण तेच सांगा. फाटलेल्या रबराच्या तुकड्यावरून आख्ख्या गाडीला मृत्युपत्र लिहायला लावू नका.

“इंजिन वीक आहे” असं कुणी म्हणालं तर एकच विचारा: कॉम्प्रेशन टेस्ट केली का? प्रत्येक सिलिंडरचा आकडा दाखवा. ज्याने तपासलंय तो आकडा दाखवेल. बाकीचे एक्स्चेंजच्या टेबलाकडे बोट दाखवतील.

दोष एकट्या वर्कशॉपचा नाही. त्या टॅबलेटवाल्या मुलाला बॉनेट उघडण्यासाठी कुणी वेळ देत नाही, त्याच्यामागे महिन्याचं टार्गेट असतं. पण आपल्यामागे कोणतं टार्गेट आहे? आपण फोन घेताना कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल तासभर ताडून बघतो आणि ज्या गाडीत आईबापांना बसवतो तिचं बॉनेट कुठल्या खटक्याने उघडतं हेही आपल्याला ठाऊक नसतं. आपल्या या अज्ञानावर कुणाचं तरी दुकान चालतं.

तीन सिलिंडरची गाडी आहे, थोडी गुरगुरते अजूनही. पण तो ‘धाड’ आवाज गेलाय. गेल्या रविवारी वडील एकटेच वाईला जाऊन आले. येताना आत्याने दिलेलं घेवड्याचं पोतं मागच्या सीटवर होतं. थकल्याबद्दल ते काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.