परिसर म्हणजे नक्की काय?

गेल्या मे महिन्यात गावच्या घराच्या वाटणीचा कच्चा मसुदा टाईप करायचं काम माझ्याकडे आलं. घरात मराठी टायपिंग येणारी मी एकटीच, म्हणून. मी आपलं लिहून टाकलं, 'घर व त्याचा परिसर थोरल्या काकांकडे राहील.' दोन दिवसांनी धाकट्या काकांचा फोन.

"अगं, परिसर म्हणजे नक्की काय? खळं? मागीलदार? विहीर धरलीस का त्यात? आणि आगर?"

मला उत्तर देता येईना.

राजापूरकडच्या आमच्या घराला पुढे खळं आहे, मागे मागीलदार. तिथे विहीर. विहिरीपलीकडे उतारावर नारळी-पोफळींचं आगर. सगळ्याला जांभ्याचा गडगा, गडग्याला बेडं, आणि बेड्याबाहेर पाखाडी. धाकट्या काकांनी त्या आगराला तीस वर्षं पाणी लावलंय. आणि मी एका शब्दात ते थोरल्यांना देऊन मोकळी! तसं कुणाच्याच मनात नव्हतं, थोरल्यांच्याही नाही. तरी आठवडाभर दोघा भावांचं बोलणं बंद होतं.

तेव्हापासून या शब्दावर माझा डोळा आहे. तसा तो आपल्याला लहानपणीच भेटतो, शाळेत 'परिसर अभ्यास' असतो ना. तिथे तो शोभतो. पण पुढे वर्तमानपत्रांनी तो असा काही उचलला की विचारू नका. अपघात चौकाच्या परिसरात, पाऊस शहर परिसरात, बिबट्या शाळेच्या परिसरात. बिबट्या शाळेच्या आवारात होता की मागच्या डोंगरावर, हे मुलांच्या आईबापांना कळायला नको? आवार म्हटलं की कुंपणाच्या आत. परिसर म्हटलं की कुठेही.

माझं म्हणणं एवढंच, की हे शब्द एकमेकांचे समानार्थी म्हणून शाळेत पाठ केले तरी एकाचं काम दुसरा करत नाही. "आजूबाजूला बघून बोल" म्हणतो तेव्हा आपल्याला माणसं म्हणायची असतात. "जवळपास वाणी आहे का?" असं विचारणाऱ्याला चालत जायचं असतं. मूल आईच्या अवतीभवती घोटाळतं; ते आईच्या परिसरात घोटाळायला लागलं तर डॉक्टरांना दाखवावं लागेल. आसपास आकड्यांनाही चालतो, शंभराच्या आसपास पानं वाढली असं आपण सहज म्हणतो. आसमंत आला संस्कृतातल्या 'आ समन्तात्' वरून, म्हणजे सगळ्या बाजूंनी. म्हणून तो सुगंधाने भरतो, ढोलताशांनी दुमदुमतो. आसमंतात कुणी सायकल लावत नाही. पंचक्रोशी पाच कोसांची, म्हणजे चालणाऱ्या माणसाच्या मापाची. पर्यावरण मात्र मोठ्या कामाचा शब्द आहे. १९८६ साली केंद्राने पर्यावरण संरक्षणाचा कायदा केला, तिथे 'आजूबाजू संरक्षण' म्हणून भागलं नसतं, हे मान्य.

जुने शब्द सगळेच गोड असतात असंही नाही हं. गावकूस घ्या. ऐकायला छान, पण 'गावकुसाबाहेर' म्हटलं की कुणाला बाहेर ठेवलं होतं ते आठवतंच. 'गावाच्या परिसरात वस्ती होती' असं लिहिलं की ती भिंत दिसेनाशी होते. म्हणजे न आवडणारा शब्दसुद्धा खोडून चालत नाही, उलट तोच जपून ठेवावा लागतो.

असो. मसुदा दुरुस्त करायचा म्हणून काकूने ट्रंकेतलं पणजोबांचं खरेदीखत काढून दिलं. त्यात आधी चतुःसीमा: पूर्वेस काय, दक्षिणेस काय, पश्चिमेस, उत्तरेस. आणि मग ते ठरलेलं वाक्य, जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह. मी कॉलेजात असताना या कारकुनी भाषेची खूप टिंगल केली आहे. पण त्या लेखनिकाने गवत आणि दगडसुद्धा सोडले नव्हते. पुरलेला हंडा निघालाच तर तोही धरला होता! मी मात्र भरल्या पाण्याची विहीर विसरले.

मग एका रविवारी दोघा काकांना समोरासमोर बसवून पुन्हा लिहिलं. घर, खळं आणि मागीलदार थोरल्यांकडे. आगर धाकट्यांकडे. विहीर सामाईक, आणि आगरातून विहिरीवर यायची वाट कायम मोकळी. मजकूर ओळीने सात ओळी वाढला. थोरल्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला, पेन उघडलं आणि थांबले.

"फणस कुठे लिहिलायस?"

फणस बरोब्बर गडग्यावर आहे.