हजेरी लागते, हजर कोण असते?

वर्गात मी रोज हजेरी घेते. नाव पुकारले की मूल ‘हजर’ म्हणते आणि मी खूण करते. मी उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवते, त्यामुळे या शब्दाशी माझे जरा जवळचे नाते आहे. हजर, हजेरी, हुजूर, हजरत हे सगळे एकाच अरबी धातूतून आलेले शब्द. उर्दूत ‘हुजूर-ए-कल्ब’ असा शब्दप्रयोग आहे. त्याचा अर्थ मनाची हजेरी. नमाजला उभे राहताना देह किब्ल्याकडे असतो. मनही तिथे हवे, नाहीतर ती नुसती कवायत, असे आपले उलेमा सांगत आले आहेत. सूरह माऊनमध्ये तर नमाज पढूनही तिच्याबाबत बेफिकीर राहणाऱ्यांना कडक इशारा आहे.

याच्या उलट शब्द ‘गफलत’. मराठीत गफलत म्हणजे चूक, गोंधळ. मूळ अर्थ मात्र बेसावधपणा. चूक नंतर होते, आधी मन जागेवरून उठून जाते. आज आपल्या घरांत सर्वांत जास्त काय वाढले असेल तर ही गफलत, असे माझे मत आहे. जेवताना आपण जेवत नाही. मूल बोलत असते आणि आपण ‘हं, हं’ म्हणत अंगठ्याने पडदा सरकवत असतो. मरणाच्या घरी गेलो तरी एक डोळा खिशातल्या फोनवर. सगळीकडे आपली हजेरी लागते, पण आपण कुठेच हजर नसतो.

याला हल्ली ‘माइंडफुलनेस’ असे नाव मिळाले आहे. जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हापासून हा शब्द डॉक्टर आणि कंपन्यांच्या तोंडी रुळला. त्याआधी, 1976 पासून, आपल्या इगतपुरीत सत्यनारायण गोएंका दहा-दहा दिवसांची विपश्यना शिबिरे घेत होते. 2010 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात हार्वर्डच्या दोन संशोधकांचा अभ्यास आला. 2250 लोकांना दिवसातून अधूनमधून विचारले गेले की आत्ता तुम्ही काय करता आहात, मन कुठे आहे आणि कसे वाटते आहे. 46.9 टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हते, आणि मन भटकत असताना माणसे कमी सुखी होती. काम कोणते आहे यापेक्षा मन त्यात आहे की नाही, यावर सुख अधिक अवलंबून होते.

आपल्या खान्देशाला ही गोष्ट नवी नाही. बुऱ्हाणपूर शहराचे नावच बुऱ्हाणुद्दीन गरीब या चिश्ती सूफींवरून पडले आहे. सूफींच्या नक्शबंदी परंपरेत पहिला धडा ‘होश दर दम’ हा, म्हणजे प्रत्येक श्वासाचे भान. फारसीत दम म्हणजे श्वास आणि दम म्हणजे क्षणही. तोच शब्द आपण मराठीत रोज वापरतो. ‘जरा दम धर’ असे आपण मुलाला म्हणतो, तेव्हा नकळत त्याला तोच धडा देत असतो.

जळगावजवळच्या आसोद्याला 1880 मध्ये जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, चुलीपुढे, शेतात काम करता करता त्या ओव्या रचत गेल्या. घरच्या माणसांनी त्या उतरवून घेतल्या आणि त्यांच्या निधनानंतर, 1952 मध्ये, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्या पुस्तकरूपाने आल्या. 2018 पासून जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. मी त्यांच्याकडे एक गोष्ट शिकायला जाते. सुगरणीचा खोपा त्या काळी हजारो बायांनी पाहिला असेल, बहिणाबाईंनी तो नीट पाहिला. वेळ त्यांच्याकडेही नव्हता, कामाचा रगाडा तोच होता. लक्ष मात्र त्या कामातच होते.

आणि आमच्या अमळनेरात तर साने गुरुजी होऊन गेले. तत्त्वज्ञान मंदिराच्या निमित्ताने ते इथे आले आणि 1924 ते 1930 अशी सहा वर्षे प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. वसतिगृहाची जबाबदारी आली तेव्हा मुलांच्या खोल्या झाडणे, त्यांचे कपडे धुऊन घड्या घालणे, हे ते स्वतः करत. मुलांसाठी रोज हाताने ‘छात्रालय दैनिक’ लिहून काढत. पुढे 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत, तेव्हा ते सगळे टिपून घेणारे गुरुजीच. ‘गीता प्रवचने’ आज आपल्या हातात आहे ती एका माणसाच्या एकाग्र ऐकण्यामुळे. याच गुरुजींनी ‘इस्लामी संस्कृती’ हे पुस्तक लिहिले. दुसऱ्याचा धर्म इतक्या आपुलकीने समजून घेणे, ही सुद्धा हजर राहण्याचीच एक रीत आहे.

गुरुजी सुखी माणूस होते असे मी म्हणणार नाही. त्यांच्या मनाची तगमग सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. म्हणून मला ती सोपी पुस्तके पटत नाहीत, जी सांगतात की वर्तमानात जगा म्हणजे सगळे दुःख पळेल. असे काही होत नाही. वर्तमानात आनंद असतो तसे दुःखही असते. हजर राहणारा दोन्ही पाहतो.

इथे मला एक आक्षेप मोकळेपणाने मांडायचा आहे. ‘आहे त्यात आनंद माना’ हा उपदेश बहुतेक वेळा पोट भरलेला माणूस उपाशी माणसाला करतो. कामाचा बोजा तोच ठेवायचा आणि कर्मचाऱ्यांना डोळे मिटून श्वास मोजायला लावायचे, हा प्रकार शिक्षकांच्या प्रशिक्षणांतही आता येऊ लागला आहे. घरात बाईला म्हणायचे, ‘स्वयंपाकात आनंद शोध’, आणि आपण भाकरी गरम नाही म्हणून ताट सरकवायचे. याला मी हुजूर म्हणणार नाही. ही दुसऱ्याच्या कष्टांबद्दलची गफलतच आहे. खरी हजेरी माणसाला निमूट बनवत नाही. खोल्या झाडणारे गुरुजीच 1947 मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून उपोषणाला बसले. जवळचे नीट पाहणाऱ्यालाच त्यातला अन्याय दिसतो.

माझ्या वर्गातले एक उदाहरण सांगते. आठवड्यातून एकदा मी मुलांना एक मिनिट गप्प बसवते आणि मग ऐकलेल्या तीन गोष्टी लिहायला सांगते. पंख्याची खटखट, रस्त्यावरचा भंगारवाला, स्वतःच्या पोटातली गुरगुर असे काही काही मुले लिहितात आणि खूप हसतात. एकदा ‘काल घरी काय पाहिले’ असे लिहायला दिले. एका मुलाने लिहिले की अम्मी कापूस वेचायला जाते, बोंडाच्या टोकांनी तिची बोटे चिरली आहेत आणि रात्री ती त्यांना तेल लावते. मी विचारले, हे कालच झाले का? तो म्हणाला, ‘नाही मॅडम, रोजच असते. मी काल बघितले.’ पुढच्या आठवड्यात त्याच्या वहीत एवढेच होते की आता पाण्याची कळशी तो भरतो.

याहून मोठी व्याख्या मला ठाऊक नाही. लक्ष आले की माया येते, आणि माया आली की हात हलतो.

आम्हा मुसलमानांसाठी या विषयाला आणखी एक पदर आहे आणि तो टाळून मी हे लिहिणे अप्रामाणिक ठरेल. सकाळी फोन हातात घेतला की कुठल्या तरी गावची भीती आपल्या घरात येते. कुठे घर पाडले, कुठे कोणाला मारले, कोण काय बोलले. जून 2023 मध्ये आमच्या अमळनेरातही दगडफेक झाली, संचारबंदी लागली. अशा दिवसांत अफवा माणसांच्या आधी धावते. बातमी टाळा असे मी म्हणत नाही, नागरिकाने जागे राहिलेच पाहिजे. पण दिवसभर भीती चाळत राहणे म्हणजे जागे राहणे नव्हे. त्या भीतीने आपल्या मुलांचे बालपण, शेजाऱ्याशी असलेले बोलणे, ताटातली चव हे सगळे आपल्याकडून काढून घेतले, तर ज्यांना आपण घाबरतो त्यांचे काम आपणच पूर्ण केले. शेजारच्या काकूंच्या हातचे खापरावरचे मांडे आणि आमच्याकडून त्यांच्याकडे जाणारा शीरखुर्मा, ही आमच्या गल्लीतली प्रत्यक्ष गोष्ट आहे. फोनमधले ‘ते’ आणि भिंतीपलीकडचे ‘ते’ यांत मला फरक दिसतो, कारण भिंतीपलीकडे मी जाते.

यासाठी कुठल्या शिबिराला जाण्याची गरज नाही. आपल्याकडे साधने आहेत. वुजू करताना नळाची धार बारीक ठेवून पाण्याकडे लक्ष द्या. खान्देशात पाण्याची किंमत कोणी शिकवावी लागत नाही. बिस्मिल्लाह तोंडाने म्हणतो, तर पहिला घास तरी चवीने खा. वांग्याच्या भरिताला धुराचा वास असतो, कळण्याच्या भाकरीला कडेला कुरकुरीतपणा असतो, हे आपण शेवटचे कधी अनुभवले? पारा चाळिशीच्या वर असताना रोजा सोडतानाचा पाण्याचा पहिला घोट आठवा. पाणी तेच असते, त्या घोटात मात्र आपण पूर्ण असतो. शुक्र म्हणजे नुसता ‘अल्हम्दुलिल्लाह’ हा उद्गार नव्हे. ज्याकडे पाहिलेच नाही त्याचे आभार कसे मानणार?

दोन नियम मी घरात ठेवले आहेत. दस्तरखानावर फोन येत नाही, आणि मूल बोलत असताना हातातले काम थांबते. थांबणे शक्य नसेल तर ‘पाच मिनिटांनी ऐकते’ असे सांगायचे आणि पाच मिनिटांनी खरेच ऐकायचे. रोज जमतेच असे नाही, पण ज्या दिवशी जमते त्या दिवशी घरातला आवाज बदलतो.

आज तुमचे मूल काही सांगायला आले, तर त्याच्या डोळ्यांकडे पाहून ऐका. ते तुमचीही हजेरी घेतच असते.