वर्गातच वाटाघाटी शिकवू या

माझा एक जुना विद्यार्थी दुबईतील नोकरीची मुलाखत देऊन आला. शाळेत इंग्रजीत त्याला नेहमी उत्तम गुण मिळत. राहण्याचा खर्च पगारातच धरला आहे की वेगळा मिळणार, हे त्याला विचारायचे होते. पण ‘येस सर’ म्हणून त्याने सही केली. तेथे पोहोचल्यावर पगाराचा मोठा भाग खोलीच्या भाड्यात जाऊ लागला. दोष त्याचा नाही. आम्ही शिक्षकांनी त्याला उत्तरे द्यायला शिकवले, विचारायला शिकवले नाही.

हीच मुले पोर्ट लुईच्या बाजारात क्रिओलमध्ये बिनधास्त भाव करतात. इंग्रजीत मात्र त्यांची वाचा बसते, कारण ती त्यांना केवळ परीक्षेची भाषा वाटते.

यावर एक सोपा उपाय आहे. इंग्रजीच्या तासाला दोन मुलांना समोरासमोर बसवावे. एक व्यवस्थापक, दुसरा उमेदवार. दोघांना वेगवेगळ्या चिठ्ठ्या द्याव्यात आणि एकाची चिठ्ठी दुसऱ्याने पाहू नये. व्यवस्थापकाला पगार वाढवता येत नाही, पण माणूस लवकर हवा आहे. उमेदवाराला घरभाडे हवे आहे आणि तो लगेच निघू शकतो. मग ‘तुम्ही घरभाडे दिलेत, तर मी पुढच्या आठवड्यात रुजू होईन’ हे वाक्य इंग्रजीत जुळवावेच लागते. फळ्यावर रुक्ष वाटणारे जर-तरचे व्याकरण येथे उपयोगी पडते. शिक्षकाने मध्येच चुका काढू नयेत. त्या टिपून ठेवून शेवटी सांगाव्यात. नंतर भूमिकांची अदलाबदल करावी, म्हणजे दुसऱ्याची अडचणही समजते.

मात्र कशावर बोलणी करावी आणि कशावर नाही, हेही शिकवले पाहिजे. दुबईच्या देरा भागातील सोनेबाजारात सोन्याचा भाव ठरलेला असतो; घासाघीस होते ती घडणावळीवर. नोकरीचेही तसेच आहे. अमिरातीच्या खाजगी क्षेत्रासाठी २०२१ चा ३३ क्रमांकाचा कामगार कायदा २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू आहे. त्यानुसार मालकाला कामगाराचा पासपोर्ट अडवून ठेवता येत नाही, भरतीचा खर्च त्याच्या माथी मारता येत नाही, आणि आठवड्यातून किमान एक दिवस सुटी द्यावी लागते. हे हक्क सोन्याच्या भावासारखे आहेत. पगार, भत्ते, रुजू होण्याची तारीख ही घडणावळ आहे.

काही पालकांना वाटेल, अशाने मुले उलट बोलायला लागतील. तसे होत नाही. समोरच्याचे नीट ऐकल्याशिवाय बोलणी पुढे सरकतच नाहीत, हे मुले पहिल्याच खेपेला शिकतात.

शिक्षक मित्रांनो, आठवड्यातून एक तास यासाठी काढू या. आपली मुले परदेशी जोत आहेत तोवर, सही करण्यापूर्वी एक प्रश्न विचारण्याचे धैर्य त्यांना वर्गातच मिळू द्या.